मंगळवारी सुट्टी घेतली तर…

“एक दिवस जरी सुट्टी घेतली तरी केलेली सगळी मेहनत वाया जाईल ना?” व्यायाम मनावर घेतलेली किती माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात! कॉलेजातली मुलं, चाळिशीतल्या बायका, निवृत्त झालेले काका. शरीरापुरतं उत्तर सोपं आहे: नाही, वाया जात नाही. पण हे ऐकून कुणी दुसऱ्या दिवशी निवांत घरी बसलंय, असं मी फारसं पाहिलेलं नाही. म्हणून सुनंदाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांचा होकार आहे.

माझी समुपदेशनाची खोली इंदूरला रामबागेजवळ एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना लाकडी आणि चांगलाच उभा. जानेवारीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जिना सहज चढल्या. परत जाताना मात्र दोन्ही हातांनी कठडा धरला, अंग आडवं केलं आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या. वय 46. तक्रार होती झोप न लागण्याची आणि घरात सगळ्यांवर खेकसण्याची. व्यायामाचा विषय त्यांनी काढलाच नव्हता. तो त्या जिन्यानं काढला.

पुढच्या भेटीत विचारलं तेव्हा कळलं, वर्षभरापासून त्या जिमला जात होत्या. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, आता सातही दिवस. स्क्वॉट म्हणजे उठाबशा, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं, सगळं वजन घेऊन. रोज रात्री वेदनाशामक गोळी. दीड महिन्यापासून डेडलिफ्ट 40 किलोवर अडकलेली. “ज्या दिवशी अंग दुखत नाही ना, त्या दिवशी मला वाटतं मी काही केलंच नाही,” त्या म्हणाल्या.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. समुपदेशकानं हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो. शिवाय अतिश्रमानंतर असह्य दुखणं, सूज, हातापायात जोर न उरणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पडू शकतं. सुनंदाताईंचे रिपोर्ट सुदैवानं ठीक होते. गोळी डॉक्टरांनी बंद केली.

मग आम्ही दुखण्याबद्दल बोललो. मराठीत आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो, आणि आंबट म्हणजे आम्ल, म्हणून स्नायूंत ॲसिड साचतं ही समजूत आपल्याला चटकन पटते. त्यांच्या ट्रेनरनंही तेच सांगितलं होतं. पण ज्याला हे ॲसिड समजतात ते, मेहनतीच्या वेळी वाढलेलं लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होतं. अंग आंबतं ते दुसऱ्या दिवशी, आणि 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त ठणकतं. कारण असतं स्नायूंच्या तंतूंना पडलेले अगदी बारीक चिरे आणि त्यापाठोपाठ येणारी सूज. वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली ठेवताना, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच त्यानं भार पेलला की हे जास्त होतं. जिना उतरताना मांडी नेमकं तेच काम करते. म्हणून चढताना बरं आणि उतरताना मरण.

तोच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला की दुखणं बरंच कमी होतं, कारण शरीर त्याला सरावतं. म्हणजे न दुखणं हे बहुतेक वेळा स्नायू तयार झाल्याचं लक्षण. हे ऐकून त्या गप्प झाल्या. वर्षभर त्या दुखण्यालाच पावती समजत होत्या.

स्नायू जिममध्ये वाढत नाही, तिथे फक्त त्याला निरोप मिळतो. बांधकाम पुढचे एक-दोन दिवस चालतं, आणि त्याला झोप लागते, अन्न लागतं. सुनंदाताईंचं वजन 58 किलो. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात. एवढ्यात त्यांच्या पोटात प्रथिनं जेमतेम चाळीसेक ग्रॅम जात असावीत. इतकी मेहनत करणाऱ्याला दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात, म्हणजे 70 ते 90 ग्रॅम. आहारतज्ज्ञांनी नेहमीचं जेवण न बदलता त्यात भर घातली: दाट वरण, दही, मोड आलेले मूग, पनीर, सोयाबीनच्या वड्या. हे लवकर जमलं.

सुट्टी जमेना. ती दर मंगळवारी घ्यायची असं ठरलं होतं. पहिल्या मंगळवारी त्या जिमला गेल्या नाहीत, पण घरातले सगळे पडदे हातानं धुतले. दुसऱ्या मंगळवारी दुपारीच बॅग भरून निघाल्या. मी रागावले नाही. विचारलं, “सुट्टी घेतली तर काय होईल? मनात येईल तसं लिहा.” त्यांनी लिहिलं: “जोर जाईल.” त्याखाली, बऱ्याच वेळानं: “आईसारखं होईल.”

त्यांची आई शेवटची दोन वर्षं पाटावरून उठू शकत नव्हती. देवपूजेला बसायची आणि मग हाक मारायची, “सुनू, हात दे गं.” कधी सुनंदाताई ऑफिसच्या घाईत असायच्या, “थांब जरा” म्हणायच्या. 74 व्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आठ महिन्यांत गेली. आईचा तो पाट अजून घरात आहे. सुनंदाताई रोज झोपण्याआधी त्यावर बसून हात न टेकता उठून पाहतात. एकदा, दोनदा, दहादा. वर्षभर घरात कुणाला हे माहीत नव्हतं.

या भीतीला मी खोटं म्हणू शकत नव्हते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर अधिक वेगानं, आणि त्यावर ताकदीच्या व्यायामासारखा दुसरा उपाय नाही. अमेरिकेत 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांनी आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. भीतीनं सुनंदाताईंना योग्य दारात नेलं होतं, एवढं श्रेय मी तिला त्यांच्यासमोर दिलं. पण आता तीच त्यांना बाहेर पडू देत नव्हती. आईला हात न दिल्याची टोचणी त्या रोज स्वतःच्या मांड्यांकडून फेडून घेत होत्या. यावर आम्ही चार भेटी बोललो, आणि त्यातलं बरंचसं इथे लिहिण्याचं नाही.

मार्चमध्ये रंगपंचमी आली. त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते, रस्ते बंद, दुकानं बंद, आणि जिमही बंद. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाईंना ताप. असे सलग चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भीत भीत बार उचलला. 40 किलो. मग ट्रेनरनं दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवलं. 42.5 किलो, पाच वेळा. हे सांगायला त्यांनी जिमच्या पायरीवरूनच फोन केला. माझ्या कुठल्याही समजावण्यानं इतकं काम केलं नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंही ताकद फारशी घटत नाही, हे मी फेब्रुवारीत सांगितलं होतं. त्यांना ते हातात बार आल्यावर पटलं.

आता त्या आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलतात. कधी चार होतात, आणि चौथा दिवस का घेतला ते त्यांना स्वतःलाच कळतं. पाट अजून तिथेच आहे. रोजची रात्रीची परीक्षा मात्र सुटली आहे असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा होते.

मागच्या महिन्यात फोन आला. 71 वर्षांच्या सासूबाईंना त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न लावता उठायला-बसायला शिकवलं होतं, आठ वेळा. आता त्यांच्या मांड्या ठणकत होत्या, तरी त्या आजही करते म्हणून खुर्ची ओढून बसल्या होत्या.

“काय करू, ताई?” त्यांनी विचारलं. मी उत्तर देणार इतक्यात त्यांचा फोनपासून लांब गेलेला आवाज ऐकू आला: “आई, उठू नका. आज तुमची सुट्टी. मी हात देते, थांबा.”