इंग्रजी व्याख्या वाचून प्रगत शब्दसंग्रह खरोखर वाढतो का, की मराठी अर्थ पाठ करणे पुरेसे आहे?

होय, वाढतो, मात्र व्याख्या विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशातील असावी आणि ती वाचल्यावर कोश मिटून स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीतच, पुन्हा लिहावी. अशा कोशांत अर्थ सांगताना मोजकेच सोपे शब्द वापरण्याचे बंधन असते; १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या कोशाने ही मर्यादा सुमारे २००० शब्दांची ठेवली, त्यामुळे एका अवघड शब्दाचा अर्थ समजण्यासाठी दुसरा अवघड शब्द शोधत बसावे लागत नाही. केवळ मराठी प्रतिशब्दावर थांबल्यास अर्थाची छटा निसटते. ‘स्लेंडर’ आणि ‘स्किनी’ या दोन्ही शब्दांपुढे वहीत ‘बारीक’ असे लिहून आपण मोकळे होतो. व्याख्या मात्र पहिल्यात बांधा सुबक असल्याचे आणि दुसऱ्यात तो नको इतका हडकुळा असल्याचे स्पष्ट सांगते, आणि हा भेद ठाऊक नसेल तर कौतुक करायला जाऊन आपण समोरच्याचे मन दुखावतो. व्याख्येखालचे उदाहरणाचे वाक्यही अवश्य उतरवून घ्यावे, कारण ‘कमिट’ म्हणजे ‘करणे’ एवढेच लक्षात ठेवले, तर इंग्रजीत गुन्हा ‘कमिट’ होतो, गृहपाठ होत नाही, हे कधीच कळत नाही. वनस्पती, मसाले, पक्षी, अवजारे अशा वस्तूंच्या नावांना मात्र ही पद्धत लावू नये: ‘टर्मरिक’ची लांबलचक व्याख्या वाचण्यापेक्षा ‘हळद’ हा एकच शब्द अधिक अचूक अर्थ देतो.