बुटातलं पिगस्किन

प्रश्न : नव्या बुटांच्या आत ‘पिगस्किन लायनिंग’ असा शिक्का आहे. शब्दकोशात पिगस्किनचा एक अर्थ ‘अमेरिकन फुटबॉलचा चेंडू’ असा दिलाय. मग चेंडूचं चामडं बुटात कसं? आणि हा माल हलका तर नाही ना?

उत्तर : पिगस्किन म्हणजे डुकराचं चामडं. पण चेंडूची काळजी सोडा, त्यात ते नसतंच. अमेरिकन फुटबॉल शिवतात तो गाईच्या चामड्याचा. पूर्वी चेंडूच्या आत डुकराचं मूत्राशय फुगवून घालत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. १९व्या शतकात रबरी ब्लॅडर आलं, तरी क्रीडा पत्रकारांच्या तोंडून पिगस्किन काही गेलं नाही. खोगिरालाही इंग्रजीत हाच शब्द वापरत. तो मात्र रास्त, कारण खोगिराची बैठक खरोखरच या चामड्याची करतात. पातळ असून घासायला भलतं चिवट!

तुमच्या बुटावर शब्द सरळ अर्थानेच आहे. डुकराचे राठ केस कातडीत पार खालच्या चरबीपर्यंत रुतलेले असतात. कमावताना केस जातात आणि आरपार भोकं उरतात. त्यातून हवा खेळते, घामाची वाफ निघून जाते. अस्तराला आणखी काय हवं? हातमोजे आणि पाकिटंही याची होतात. १९५८ मध्ये बाजारात आलेले ‘हश पपीज’ बूट तर डुकराच्या स्वेडचेच, म्हणजे घासून मखमली केलेल्या चामड्याचेच, होते.

भिंगातून पाहिलंत तर ही भोकं तीन-तीनच्या पुंजक्यांत दिसतील. पण तेवढ्यावर विसंबू नका. गाईच्या चामड्यावर, अगदी रेक्झिनवरही, तसेच ठिपके दाबून उठवतात. मी चामड्याच्या धंद्यात असताना तुकडा उलटा केल्याशिवाय माल घेत नसे; दाबलेला ठिपका मागे उमटत नाही. बुटाच्या जिभेपाशी अस्तराची कड सुटी असेल तर तिथे उलटून बघा. ज्यांना डुकराचं काही पायात नकोच असतं, त्यांनाही हीच खूण कामाची.

हलकं म्हणाल तर नाही. गाईच्या चामड्यापेक्षा साधारणपणे स्वस्त पडतं, इतकंच. बूट ओले झाले तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा. हीटरपाशी ठेवलेत तर अस्तर कडक होऊन टाचेला चावेल.