कोकणात जुनं कौलारू घर विकत घेऊन दुरुस्त करायचं असेल तर काय बघावं? की पाडून नवीन बांधणंच स्वस्त पडतं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. 'पाडून नवीन बांधणंच स्वस्त' हे वाक्य मी घर घेतल्यापासून माझ्या सख्ख्या चुलतभावाकडून ऐकतोय. उत्तर आधीच देतो: नाही, पाडू नका.

आम्ही २०१६ साली दापोली तालुक्यात घर घेतलं. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी, मागे पडवी, मधे अंधारं माजघर, वर माळा आणि मंगलोरी कौलं. बघायला गेलो जानेवारीत, ही पहिली चूक. जानेवारीत कोकणातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. तुम्ही जुलैत जा, सलग चार दिवस कोसळून झाल्यावर. भिंतीला पायथ्याशी हात लावा. तुळई भिंतीत शिरते तिथे कोयत्याचं टोक खुपसून बघा. लाकूड मऊ लागलं तर ती तुळई बदलायची हे धरूनच भाव करा.

दादाची, म्हणजे या चुलतभावाची, ठाण्यात तीस वर्षं बांधकामाची ठेकेदारी आहे. घर बघून तो पहिल्या दमात म्हणाला, "पाड आणि स्लॅब टाक." मी नाही म्हणालो. मग म्हणाला, "निदान भिंतींना सिमेंटचा गिलावा तरी मार, किती दिवस हे चुन्याचे पोपडे बघत बसणार?" तिथे मी ऐकलं. त्याच्या माणसांनी जुना चुना खरवडून आतून-बाहेरून सिमेंट मारलं आणि माजघराची सारवलेली जमीन उकरून सिमेंटचा कोबा घातला.

पहिल्याच पावसाळ्यात, गणपतीपर्यंत, माजघरात कमरेएवढी ओल चढली. रंगाला फोड आले, पांढरा खार फुटला. दुसऱ्या वर्षी गिलाव्याचे पत्रेच्या पत्रे सुटले आणि येताना जांभ्याचा वरचा थर घेऊन आले. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो जमिनीतलं पाणी ओढणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हळूहळू सुकून जातं. सिमेंटने आम्ही त्याची वाट बंद केली होती, आणि कोब्यामुळे जमिनीखालची ओलही भिंतीकडेच वळली. मग ते पाणी लाकडात शिरलं. एका तुळईचं टोक कुजलं, मागोमाग वाळवी लागली. इतकी वर्षं धड असलेली तुळई आम्ही दोन पावसाळ्यांत घालवली.

शेवटी गावातले सत्तरी ओलांडलेले एक गवंडी काका आले. भिंतीवर नुसता तळवा ठेवला आणि म्हणाले, "पाणी येतला, त्याका जायाक वाट ठेवा." मूळचे ते सिंधुदुर्गातले, बोलीही तिकडचीच. छिन्नीने सिमेंट काढायलाच सहा आठवडे गेले. चुना महिनाभर खड्ड्यात भिजवून ठेवला, वाळूत कालवताना गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. गिलावा पातळ हातांनी, एक थर सुकल्यावर पुढचा. माजघरातला कोबा फोडून जमीन परत मातीची केली. २०१९ च्या पावसाळ्यात ओल वीतभर चढली आणि तिथेच थांबली. आजही तेवढीच असते, दिवाळीपर्यंत सुकते.

सिमेंटला एक लाख दहा हजार गेले. ते काढून चुना करायला त्याच्या जवळजवळ अडीच पट. दादा हिशेब मांडतो तेव्हा या दोन्ही रकमा 'जुन्या घराचा खर्च' म्हणून धरतो. दादा, हे तू वाचशील म्हणून लिहितो: ते जुन्या घराच्या खात्यातले पैसे नाहीत, तुझ्या सिमेंटच्या खात्यातले आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाही त्याचा फोन आला, "स्लॅब असता तर?" आमची निम्मी कौलं गेली हे खरं, पण वासे जागचे हलले नाहीत. खरा त्रास नंतर झाला. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. कौलाच्या पाठीवर ठसा असतो. मंगळुरात बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढला, मागून इतरांनी काढले, आणि प्रत्येकाचा साचा वेगळा. तेव्हा शाकारणीच्या, म्हणजे कौलं उतरवून छप्पर नीट करायच्या, वेळी निघालेलं एकही धड कौल भंगारात देऊ नका, आणि आसपास कुणी घर पाडत असेल तर त्याच ठशाची कौलं उचलून ठेवा.

चौरस फुटाचा दर मी सांगणार नाही. कौलं न उतरवता जो आकडा सांगतो त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

कागदांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. घर गावठाणाबाहेर, वाडीत असेल तर खालची जागा सातबाऱ्यावर शेतजमीन निघू शकते, आणि मग शेतकरी असल्याच्या दाखल्याशिवाय व्यवहार अडतो. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आधी तपासा. सगळे वारस मोजा, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. 'दोघांचा हिस्सा घ्या, बाकीचे नंतर देतील' असं कुणी म्हणालं तर उठून या. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला तिथे सामाईक ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ वकिलांकडून समजून घ्या.

आणि हो, पाया खचून भिंत कलली असेल किंवा आढंच, म्हणजे छपराचं माथ्यावरचं मुख्य लाकूड, मोडलं असेल, तर माझं 'पाडू नका' मागे घेतो. ते घर सोडा, दुसरं बघा.

इसार देण्याआधी चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा. आमचे काका आता परांचीवर चढत नाहीत, त्यांचा पुतण्या आमच्याच माजघरात शिकला. मार्च ते मे त्याला उसंत नसते, दिवाळीतच शब्द घ्यावा लागतो.