आयाळ राहू द्या, सिंहाचा खांदा दाखवा

(भोसरीत पस्तीस वर्षं प्लॅस्टिकचे साचे घडवून निवृत्त झालेले आमचे डायमेकर काका दर महिन्याला वाचकांच्या खेळण्यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब कायमचं कॅनडाला चाललंय, म्हणून घरातलं सगळं विकायला काढलंय. त्यात त्यांच्या मुलाच्या लहानपणच्या लेगोच्या तीन आकृत्या आहेत : सिंह, मगर आणि गरुड. तिघंही माणसासारखे दोन पायांवर उभे, अंगात चिलखत, हातात शस्त्रं. तुकडे जोडून बनवायचे. खोकी नाहीत, पुस्तिकाही नाहीत. तिघांचे मिळून साडेतीन हजार सांगतायत. भाचा आठ वर्षांचा आहे, त्याच्या वाढदिवसाला द्यावं असं मनात आहे. बहीण म्हणते, तीन बाहुल्यांना साडेतीन हजार, वेड लागलंय का? तुम्ही सांगा.
एक मावशी, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही फोटो पाठवले होतेत, पण फोटोत सगळेच सिंह राजबिंडे दिसतात. म्हणून तुम्हाला म्हटलं, चार दिवसांसाठी मागून आणा. तुम्ही आणलेत, बरं झालं. फोटोवरून मी ‘घ्या’ म्हटलं असतं आणि तोंडघशी पडलो असतो.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. लेगोने २०१३ मध्ये चिमा नावाची मालिका काढली. चिमा हा एक काल्पनिक देश. तिथले प्राणी ‘ची’ नावाच्या शक्तीमुळे माणसासारखे चालतात, बोलतात आणि भांडतात. सिंहांचा राजपुत्र लावल आणि मगरींचा राजपुत्र क्रॅगर, एकेकाळचे जिगरी दोस्त, त्या शक्तीपायी एकमेकांच्या जिवावर उठतात. गरुडीण एरिस लावलच्या बाजूची. सिंहाचं तोंड, माणसाचं धड आणि अंगात संताप, हे सगळं आपल्याला नवीन नाही. कोकणातल्या दशावतारात नरसिंह खांब फोडून बाहेर आला की मी आजही मांडी सावरून बसतो. पण तो विषय वेगळा.

या मालिकेत विटांचे नेहमीचे संच होतेच, त्याशिवाय वीतभर उंचीच्या, जोडून बनवायच्या मोठ्या आकृत्याही त्याच वर्षी आल्या. तुमच्याकडचे तिघे त्यातले. लावलचा क्रमांक ७०२००, तुकडे ५५. एरिस ७०२०१, तुकडे ६७. क्रॅगर ७०२०३, तुकडे ६५. मालिका २०१५ च्या सुमारास संपली, तेव्हा दुकानात नवीन मिळायचा प्रश्न नाही. पुस्तिका नाही म्हणून हळहळू नका. हा क्रमांक लेगोच्या संकेतस्थळावर टाकलात की ती फुकट उतरवून घेता येते, आणि तिच्यात नुसती चित्रं असल्यामुळे भाषेचीही अडचण नाही.

मी पहिलं काम केलं ते तिघांना पूर्ण सुटं करायचं. सौ.ची पोळ्यांची परात घेतली, तिने तोंड वाकडं केलं, मी दुर्लक्ष केलं. एकेकाचे तुकडे परातीत पसरून पुस्तिकेच्या शेवटच्या यादीशी ताडून पाहिले. सिंह पूर्ण, ५५ पैकी ५५. मगरीचे ६३ भरले. एक चिलखताचा पत्रा आणि एक छोटी जोडणीची खिळी गायब. गरुडीणीचा एक तुकडा कमी. जुनं खेळणं उभं केलेलं बघून कधीही घेऊ नका. मागचा पत्रा नसला तरी आकृती ऐटीत उभी राहते आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

मग अस्सल की नक्कल ते पाहिलं. यांच्या नकलाही निघाल्या आहेत. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव बारीक अक्षरात उठवलेलं असतं, भिंग घेऊन बघा. पण मी नावावर जात नाही, साचा काय बोलतो ते ऐकतो. दोन साचे जिथे मिटतात त्या रेघेवरून नख फिरवायचं. नख अडलं, कडेला पापुद्रा लागला, तर साचा झिजलेला आहे किंवा नीट मिटत नाही. आमच्याकडे त्या पापुद्र्याला फ्लॅश म्हणतात, आणि माझ्या पहिल्या मुकादमाने फ्लॅश दिसला म्हणून अख्खी पाटी माझ्या टेबलावर ओतली होती. तुमच्या तिघांच्या कडा स्वच्छ आहेत. डबा उघडल्यावर रॉकेलसारखा वास आला तरीही परत द्यायचं. तसाही वास नव्हता.

आता मुद्द्याचं. अशा खेळण्याचा जीव तोंडात नसतो, सांध्यात असतो. शाळेच्या पुस्तकात खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्याला ‘उखळीचा सांधा’ म्हटलंय ना, हुबेहूब तोच इथे आहे. एका हाडाच्या टोकाला गोटी, दुसऱ्याच्या टोकाला वाटी. गोटी वाटीत दाबली की ‘टक्’ होतं आणि हात हवा तसा फिरतो. हाडं वेगवेगळ्या लांबीची, त्यांच्यावर चिलखताचे पत्रे दाबून बसवायचे. ही रचना लेगोने २०११ मध्ये हिरो फॅक्टरी या मालिकेत रुळवली, आणि गोटीचं माप सगळीकडे एकच ठेवलं. म्हणून चिमाच्या सिंहाला हिरो फॅक्टरीच्या यंत्रमानवाचा पाय बसतो, २०१५ मध्ये परत आलेल्या बायोनिकल या लेगोच्याच दुसऱ्या मालिकेतल्या आकृतीचाही बसतो. भाच्याच्या एखाद्या मित्राकडे यातलं काही असेल तर दोघांचा साठा एकच समजा.

गोटी वाटीत घट्ट बसते, कारण वाटी गोटीपेक्षा किंचित लहान केलेली असते. म्हणजे जोपर्यंत गोटी आत आहे, तोपर्यंत वाटीच्या कडा ताणलेल्या. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तसंच. फरक इतकाच, की लोखंड तो ताण वर्षानुवर्षं सोसतं, प्लॅस्टिक हळूहळू कंटाळतं. आधी वाटीच्या कडेला एक पांढुरकी रेघ येते, मग केसासारखी चीर, मग एके दिवशी तुकडा हातात. साच्यात मापाचा खेळ मायक्रॉनचा. वाटी जराशी मोठी झाली तर हात लोंबणार, जराशी लहान झाली तर वर्षभरात चिरणार. मी स्वतः एका कारखान्यासाठी एका माकडाच्या शेपटीची वाटी केली होती. माप माझंच चुकलं होतं. तीन हजार माकडं शेपटीविना परत आली. नोकरी वाचली ती केवळ मालकाला माकडाचं हसू आलं म्हणून.

तर परीक्षा अशी. खोली अंधारी करून मोबाइलची विजेरी प्रत्येक वाटीच्या मागून धरायची. चीर असेल तर चमकते. मग आकृती जोडायची, तलवार हातात द्यायची, हात खांद्यापासून आडवा ताणायचा आणि चहा ठेवायला जायचं. चहा उकळून, गाळून, पिऊन येईपर्यंत हात तिथेच राहिला तर खांदा निरोगी. मनगटाची किंवा कोपराची परीक्षा कामाची नाही. तलवारीचं वजन आणि हाताची पूर्ण लांबी मिळून सगळा भार खांद्यावर येतो, तो टिकला तर बाकी सगळे टिकतात. शेवटी एका पायावर उभं करायचं, घोट्याची परीक्षा होते.

लावल दोन्हींत पास. क्रॅगरचा डावा खांदा चहा होईपर्यंत दोन बोटं खाली आला. एरिसच्या उजव्या खांद्याच्या वाटीला चीर आहे, विजेरीत स्पष्ट दिसली. शिवाय तिचे पांढरे पत्रे पिवळट झालेत, म्हणजे खिडकीत उन्हात उभी होती बिचारी. पिवळेपणाचं मला काही नाही, आठ वर्षांच्या मुलालाही नसतं. पण ज्या उन्हाने रंग नेला त्यानेच प्लॅस्टिक ठिसूळ केलं असणार, म्हणून तिच्या बाकीच्या वाट्यांचाही भरवसा मी देणार नाही.

क्रॅगरच्या लोंबत्या हाताला उपाय आहे. चित्रकलेच्या दुकानात पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक व्हार्निश मिळतं, त्याचा एक पातळ हात गोटीवर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, मगच वाटीत बसवा. गोटी केसभर जाड होते, तेवढं पुरतं. नेलपॉलिश लावा असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्यातलं द्रावण प्लॅस्टिक खातं. नळाची टेफ्लॉन टेपही नको, ती मुळात घसरती असते. एरिसची चिरलेली वाटी मात्र चिकटवू नका. झटपट चिकटणारा गोंद तिथे कडक होतो आणि शेजारून नवी चीर पडते. ते एकच हाड जुन्या तुकड्यांच्या बाजारात सुटं शोधा.

खेळणं म्हणून कसं आहे? प्रामाणिकपणे सांगतो, बांधणीत फार दम नाही. ५५ तुकडे, त्यात तोंड आयाळीसकट एकाच मोठ्या तुकड्याचं. तुमचा भाचा पंधरा-वीस मिनिटांत उभा करेल. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या बायोनिकलमध्ये पाठीमागचं दातेरी चक्र फिरवलं की हात खाली-वर व्हायचा. मुलाला यंत्र कळायचं. चिमात ते चक्र गेलं, याचं मला डायमेकर म्हणून वाईट वाटतं. बदल्यात मिळाला तो मजबूत सांधा आणि मोकळीक. सिंहाच्या पाठीवर गरुडाचे पंख, मगरीच्या धडावर सिंहाचं तोंड, चार हातांचा काहीतरी राक्षस. एकच आकृती घेतली तर हे होत नाही. तिघं एकत्र असल्यामुळेच तुमचा सौदा विचार करण्यासारखा आहे.

साडेतीन हजार जास्त आहेत. एकटा सिंह पूर्ण आणि धडधाकट, बाकीचे दोघे सुट्या भागांचं कोठार, असा हिशेब करा. मी असतो तर बावीसशे म्हणालो असतो आणि पंचवीसशेला हात मिळवला असता. खोकं नसल्याचं सांगून पाडा, तुटलेल्या वाटीचं सांगून नको. कॅनडाला जाणारी माणसं आधीच हळवी झालेली असतात.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आणि नात दीड वर्षाची. नातवासाठी असेच जोडायचे प्राणी-योद्धे घेतले तर चालतील का? आणि हल्ली खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवं म्हणतात, ते काय आहे?
एक आजी, सातारा

उत्तर : आजी, नातवाला कदाचित चालतील, नातीला अजिबात नाही, आणि दोघं एकाच सतरंजीवर खेळतात हे मला न विचारताही माहीत आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय जाऊ शकतं हे ठरवायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. न दाबता जो तुकडा तिच्यात पूर्ण मावला, तो धोक्याचा. घरात जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी सापडली तर तिचं तोंड साधारण तेवढंच असतं. मी चिमाचे तुकडे टाकून पाहिले. जोडणीच्या खिळ्या, नखं, सगळं सुरळीत आत. नात तीन वर्षांची होईपर्यंत दीड वर्ष थांबा, किंवा नातवाला खेळायला जेवणाचं उंच टेबल द्या.

चिन्हाचं म्हणाल तर ते भारतीय मानक ब्यूरोचं, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतात ते सक्तीचं आहे. नवीन खेळणं दुकानातून घेताना खोक्यावर ते बघाच. त्याआधीच्या किंवा परदेशातून कोणी आणलेल्या जुन्या खेळण्यावर ते सापडणार नाही. तिथे नख, नाक आणि विजेरी.

प्रश्न : मुलाला तलवारी-भाले घेतलेले हे प्राणी हवेत. मारामारीची खेळणी द्यावीत का?
एक आई, नाशिक

उत्तर : दिवाळीत तुमच्या दारात किल्ला होतो का? त्यावरच्या मावळ्यांच्या हातात काय असतं?

माझ्या नातवाने गेल्या दिवाळीत मुख्य दरवाज्यावर मगर उभी केली आणि महाराजांच्या सिंहासनाच्या मागे यंत्रमानव. मी बुरुजावरचं अळीव शिंपडत गप्प बसलो.

प्रश्न : जुन्या बाजारातून आणलेली अशीच आकृती जंतू मरावेत म्हणून दुधाच्या बाटलीसारखी दहा मिनिटं उकळली. आता योद्धा उभाच राहत नाही, झोपतो. काय करू?
एक बाबा, इचलकरंजी

उत्तर : त्याला झोपू द्या. हे प्लॅस्टिक उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ व्हायला लागतं. त्या उष्णतेत वाटी सैल झाली आणि गोटी आत फिरायला लागली, आता ती माघारी येत नाही. वर सांगितलेल्या व्हार्निशने एखादा सांधा सावरेल, पण दोन्ही घोटे गेले असतील तर पाय बदलावे लागतील.

पुढच्या वेळी सगळं सुटं करायचं, कोमट पाणी घ्यायचं, चाळीस अंशांपेक्षा जास्त गरम नाही, म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना दात घासायचा ब्रश. कपड्यांच्या यंत्रात टाकू नका. आणि वाळवायला गच्चीवर नाही, घरात, पंख्याखाली, सावलीत. ताटलीवर फडकं टाकून पसरा, नाहीतर खिळ्या पलंगाखाली जातात आणि मग मला पत्र येतं.