आधी ईमेल, मग बाकीचं

सगळी खाती एकदम आवरायला जाऊ नका. आज फक्त ईमेलचा पासवर्ड बदला. इतर खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात, त्यामुळे ते फुटलं की सगळंच गेलं.

पासवर्ड लांब हवा. शब्दकोश कुठेही उघडून चार-पाच शब्द उचला, रोमनमध्ये जोडा: फणस-रिक्षा-सुतळी-ग्रहण अशा धर्तीवर (हाच नको!). नाव, ॲट (@), १२३ हे चोरांनाही सुचतं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- एकच पासवर्ड सगळीकडे. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.
- व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं. त्यापेक्षा बिटवॉर्डन (सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप) घ्या, फुकटात भागतं. त्याचा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात.
- 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला ओटीपी सांगणं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) आजच चालू करा. पासकीचं (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) नंतर बघू.