सासूबाईंना विणकामाच्या ग्रुपला पाठवू का?

"काकू, सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही कायमचं इकडे घेऊन आलो. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, त्या दिवसभर घरात एकट्या. विणकाम फार सुंदर करतात. जवळच्या लायब्ररीत दर आठवड्याला निटिंग ग्रुप बसतो असा बोर्ड पाहिला. पण आईंना इंग्लिश थोडंफार कळतं, बोलायला मात्र घाबरतात. नुसत्या कोपऱ्यात बसून राहिल्या तर? मी सोबत जाऊ का? आणि हे लोक खरंच काही करतात की गप्पांनाच जमतात?"

पाठव. अगं, विचार करत बसू नकोस, या आठवड्यातच पाठव. परदेशात आलेल्या आपल्या माणसाला ओळखी करून घ्यायच्या तर मला विणकामाच्या ग्रुपइतकी सोपी जागा दुसरी दिसत नाही, आणि हे मी अशा ग्रुपमध्ये बसणारी म्हणून सांगतेय. बाकी कुठेही गेलं की आधी बोलावं लागतं. पार्टीत, शाळेच्या गेटवर, शेजाऱ्यांकडे, सगळीकडे समोरच्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी सुचवायचं असतं, आणि भाषा तोकडी असली की माणूस दोन वाक्यांत दमतो. विणताना मात्र हाताला काम असतं आणि नजर सुयांवर, त्यामुळे दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आणि बोलायचं झालंच तर विषय मांडीवरच असतो, लोकर कुठली, वीण कुठली, कुणासाठी चाललंय. आमच्याकडे अशी माणसं आहेत की त्यांची नावं माझ्या लक्षात यायला वेळ लागला पण त्यांचे स्वेटर मला पहिल्या दिवसापासून पाठ होते.

तू सोबत जायचं का, तर पहिल्यांदा जा, जी बाई सगळं बघते तिच्याशी ओळख करून दे, आई किती वर्षं विणतायत ते एका वाक्यात सांग आणि दहा मिनिटांनी निघ. शेजारी बसून प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत राहिलीस ना तर सगळे तुझ्याशीच बोलतील, आईंशी नाही. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय, सून किंवा मुलगा इतक्या प्रेमाने मध्ये उभे राहतात की म्हाताऱ्या माणसाला कुणी थेट काही विचारतच नाही. तू लायब्ररीतच दुसरीकडे पुस्तक घेऊन बस हवं तर, पण त्यांच्या नजरेसमोर नको.

हातात काय द्यायचं? बऱ्याच जणी पहिल्या दिवशी आपली करामत दाखवायला जाळीची अवघड वीण घेऊन जातात आणि मग टाके मोजण्यात इतक्या गुंततात की मान वर होत नाही. साधी सुलट-उलट पट्टी किंवा मफलर बरा, ज्यात हात आपोआप चालतो. आणि सोबत पिशवीत एक पूर्ण झालेली वस्तू ठेवायला सांग, एखादं बाळाचं स्वेटर, टोपी, काहीही. ती बाहेर निघाली की टेबलावर हातोहात फिरते, लोक उलटी बाजू बघतात, मुंढ्याची शिवण बघतात, आणि तिथेच आईंची ओळख झालेली असते.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण यात हमखास घोळ होतो. आईंच्या सुया भारतातून आणलेल्या असणार आणि त्यावरचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची 8 नंबर 5 मिलिमीटरची आणि 10 नंबर तर चक्क 6 मिलिमीटरची. म्हणजे कुणी म्हणालं दहा नंबरची सुई घ्या आणि आईंनी स्वतःची दहा नंबर घेतली तर सुई जवळजवळ निम्म्या जाडीची झाली, मग ती टोपी मोठ्या माणसाच्या डोक्यात कशी जाणार! म्हणून नंबर सोडून द्यायचे आणि मिलिमीटरमध्येच बोलायचं. सुया मोजायची भोकांची छोटी पट्टी मिळते, ती घेऊन दे आणि जुन्या सगळ्या सुया मोजून प्रत्येक जोडीला मिलिमीटरची चिठ्ठी लाव. मुलीला हे काम दे, ती आवडीने करेल आणि आजीजवळ बसेल. क्रोशाच्या टाक्यांच्या नावांचीही अशीच गंमत आहे, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, त्यामुळे पॅटर्न कुठला आहे ते आधी बघायचं.

दुसरं म्हणजे गेज, म्हणजे ठरावीक इंचांत किती टाके बसतात ते. आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं ठरलेल्या लोकरीत विणतात, हाताला अंदाज बसलेला असतो, नमुन्याचा तुकडा विणून बघायची गरजच पडत नाही. इकडे लोकर वेगळी. समजा पॅटर्नमध्ये 4 इंचात 22 टाके म्हटलंय आणि 36 इंच छातीसाठी 198 टाके घातले, पण हात थोडा सैल पडून 4 इंचात 20 च बसले, तर तेच स्वेटर साडेएकोणचाळीस इंचाच्या वर जातं. दोन टाक्यांचा फरक आणि सगळं उसवायची वेळ! तेव्हा आधी चार-पाच इंचाचा तुकडा विणून, धुवून, वाळवून मग मोजायचा. आईंना हे पटणार नाही कदाचित, तू सांगू नकोस, ग्रुपमधली एखादी त्यांच्या वयाची बाई सांगेल तेव्हा ऐकतील.

भाषेचं म्हणशील तर पॅटर्न वाचता येत नाही म्हणून घाबरायला नको. लिहिलेला पॅटर्न इंग्लिशमध्ये अडतो, पण चार्ट अडत नाही, त्यात चौकटीचौकटीत खुणा असतात, एक चौकट म्हणजे एक टाका. जपानमध्ये तर विणकामाच्या या खुणा सरकारी मानकात ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे जपानीचं एक अक्षर न येणारे जगभरचे लोक जपानी पुस्तकांवरून विणतात. रॅव्हलरी नावाची जी साइट 2007 पासून आहे तिथे फक्त चार्टवाले पॅटर्न वेगळे काढून बघता येतात, बरेच फुकट असतात. तू त्यांना दोन-चार प्रिंट काढून दे, मोठ्या अक्षरात.

आणि खरं तर विणकामात तोंडापेक्षा हातच जास्त बोलतात. आमच्या ग्रुपला एक पोर्तुगीज बोलणाऱ्या बाई यायच्या, इंग्लिश जेमतेम हो-नाही इतकंच. एकदा एका तरुण मुलीचा टाका सुटला आणि आठ-दहा ओळी खाली घरंगळत गेला, ती रडकुंडीला आली, सगळं उसवायलाच निघाली होती. त्या बाईंनी काही न बोलता तिच्या हातातून काम घेतलं, पिशवीतून क्रोशाची सुई काढली, खालच्या सुटलेल्या फासात घातली आणि वरचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत ओढत टाका पार वर सुईपर्यंत आणून बसवला. हे सगळं इतकं सावकाश की त्या मुलीला प्रत्येक ओळ दिसावी. मग शेवटच्या दोन ओळी मुद्दाम परत सोडल्या आणि सुई तिच्या हातात दिली. तेव्हापासून ती मुलगी त्यांच्याच शेजारची खुर्ची धरायची, आणि पुढे त्यांना डॉक्टरकडे जायचं असलं की तीच घेऊन जायला लागली. तुझ्या आई इतक्या वर्षांच्या हाताने असं किती जणींना सोडवतील बघ.

मात्र एक होतं, कुणी दोरा डाव्या हातात धरतं, कुणी उजव्या, आणि कुणी उलट टाका असा घेतं की तो सुईवर फिरलेला बसतो. कुणाचंच चूक नाही, पण दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालताना टाका कसा बसलाय ते बघून घालायचा, नाहीतर मधल्याच एका ओळीत पीळ दिसतो.

खरंच काही करतात का हे तू विचारलंयस. करतात, भरपूर करतात. बऱ्याच ग्रुपचं काहीतरी सामायिक काम चालू असतं, लवकर जन्मलेल्या बाळांच्या टोप्या, केमो घेणाऱ्यांसाठी टोप्या, निवाऱ्यांसाठी ब्लँकेटं. अमेरिकेत 1991 मध्ये सुरू झालेल्या वॉर्म अप अमेरिका या उपक्रमाची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, एकेकाने 7 बाय 9 इंचाचा तुकडा विणायचा, असे 49 तुकडे जोडले की एक ब्लँकेट. ज्याला एकच तुकडा झेपतो तोही त्यात असतो. पण दान करायचं म्हटलं की आधी जिथे देणार तिथले नियम विचारायचे, हे आईंना नक्की सांग. शुद्ध लोकर गरम पाण्यात मशीनमध्ये घातली की आक्रसून जाड नमदा होते, म्हणून बहुतेक ठिकाणी मशीनमध्ये धुता येईल अशीच लोकर मागतात. बाळांसाठी मोठ्या जाळीची वीण नको, बोटं अडकतात, बटणं आणि रिबिनीही नकोत. केमोच्या टोपीला मऊ सूत किंवा मऊ अ‍ॅक्रिलिक, आतून शिवण टोचता कामा नये. आपण हौसेने सुंदर काहीतरी विणतो आणि ते परत येतं तेव्हा फार वाईट वाटतं गं.

आमच्यातल्या एकीला कॅन्सर झाला तेव्हा सगळ्यांनी एकेक चौकोन विणायचा ठरलं, 40 टाके, मापाला 8 इंच. गोळा केले तर कुणाचा घट्ट हात म्हणून सात इंच, कुणाचा सैल म्हणून नऊ. जुळेनातच. तेव्हा एकीने सगळे घरी नेले आणि लहान चौकोनांना क्रोशाचे तीन वेढे, मध्यम असलेल्यांना दोन, मोठ्यांना एकच, असे राखाडी रंगाचे काठ घालून सगळे एका मापात आणले. ते ब्लँकेट ती प्रत्येक केमोला घेऊन जायची, आणि कुठला चौकोन कुणाचा ते तिला न विचारता ओळखता यायचं. अशा कामात माणसं जवळ येतात, नुसत्या हाय-हॅलोने नाही. पण त्याला वेळ लागतो हेही लक्षात ठेव. आई दर आठवड्याला गेल्या पाहिजेत, त्याच दिवशी, त्याच वेळी. एखाद्या आठवड्यात नाही आल्या तर कुणीतरी विचारेल अशी जागा तयार व्हायला काही महिने जातात, आणि तो दिवस जर आपण घरच्या कामांसाठी सारखा रद्द करत राहिलो, आज प्लंबर येणार आहे, आज मुलीला लवकर आणायचंय, तर ती जागा कधीच तयार होत नाही. हे तुझ्या नवऱ्यालाही सांग, त्याची आई आहे, नेण्या-आणण्याचा अर्धा वाटा त्याने उचलावा. आपल्या मंडळाचे कार्यक्रम आहेतच, ते हवेतच, पण तिथे त्या अमक्याची आई, तमक्याची सासू असतात. इथे त्या स्वतःच्या हातामुळे ओळखल्या जातील.

अजून एक धोका सांगते. हात चांगला आहे हे कळलं की मागण्या सुरू होतात, माझ्या नातवाला एक विणून द्याल का, माझ्या बहिणीला एक. मोठ्या माणसाच्या स्वेटरला कित्येक आठवडे जातात, आणि आई भिडेखातर हो म्हणत जातील, मान-मनगट दुखेल, आणि मैत्रीचं ओझं होईल. जिच्यावर खरंच जीव आहे तिच्यासाठी जरूर विणावं. बाकीच्यांना एक वाक्य पुरतं, "यू निट, आय टीच", एवढं इंग्लिश त्यांना पाठ करून दे. घरीही तेच, तुमच्या मित्रांच्या बाळांसाठी परस्पर ऑर्डरी घेऊ नका. शिवाय अर्ध्या तासाने उठून दोन पावलं चालायचं आणि काळी लोकर संध्याकाळच्या उजेडात घ्यायची नाही, डोळ्यांचं काय होतं ते विणणाऱ्यालाच माहीत.

समजा हा ग्रुप नाही जमला, काही ग्रुप खरंच आपल्याआपल्यातलेच असतात, तीन-चारदा जाऊनही कुणी खुर्ची सरकवून जागा केली नाही तर खुशाल दुसरा शोध. त्यात आईंचा काही दोष नाही. लोकरीच्या दुकानांत, कम्युनिटी सेंटरमध्ये, चर्चच्या हॉलमध्येही ग्रुप बसतात. दुपारच्या ग्रुपमध्ये निवृत्त माणसं जास्त, संध्याकाळच्यात नोकरीवाल्या मुली. दुकानातल्या ग्रुपला गेलात तर अधूनमधून लोकर तिथूनच घ्यावी, तेवढी रीत पाळावी. आणि 2005 पासून दरवर्षी जूनमध्ये जगभर सार्वजनिक ठिकाणी विणायचा दिवस साजरा होतो, त्या दिवशी अनेक ग्रुप बागेत, चौकात बाहेर येऊन बसतात, एका दुपारीत दोन-तीन ग्रुप बघून होतात.

त्याआधी लायब्ररीत फोन करून विचार, नवीन माणूस आला तर चालतं का, नाव नोंदवावं लागतं का, खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का. आणि खुर्च्या हातांच्या आहेत की बिनहातांच्या तेही विचार, हाताच्या खुर्चीत लांब सरळ सुया कोपराला अडकतात, मग आईंना गोल सुई, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन आखूड सुया, घेऊन दे.