ते खरंच सुखलोकात गेले का?

"मॅडम, ते कुठं गेले असतील?" मी शोकात असलेल्या माणसांसोबत काम करते, आणि गेलेल्या माणसाबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. विचारणारे बहुतेक ख्रिस्ती घरांतले असतात. कुणाचा बाप दारूपायी गेला, कुणाच्या मुलाने जीव दिला, कुणाची आई बाप्तिस्मा न घेताच गेली. मयतीच्या दिवशी घरातलं कुणीतरी मोठं माणूस स्वर्ग की नरक, असा निकाल सांगून मोकळं होतं आणि मागे राहिलेल्यांची झोप उडते.

त्यांतल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाई सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता. पगार झाला की गुत्त्यावर, तिथून घरी, आणि घरी आल्यावर मार. लग्नापासून हेच चाललेलं. शेवटी लिव्हर गेलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत पाळकसाहेब भेटायला आले, त्याने त्यांचा हात धरला, रडला, प्रभूकडे क्षमा मागितली आणि दोन दिवसांत गेला. अंत्यविधीच्या वेळी सगळे म्हणाले, "सुटला. सुखलोकात गेला."

तेव्हापासून बाईंना झोप नव्हती. रात्री उठून बसायच्या, छातीत धडधड व्हायची. जाऊबाईंनी त्यांना माझ्याकडे आणलं.

"ते नरकात असतील अशी भीती वाटते का?" मी विचारलं.

"हो मॅडम. लई भीती वाटते."

बोलताना त्यांची बोटं पदराचं टोक वळत होती. अंगठा आणि तर्जनी, बारीक, एकसारखी गुंडाळी, मग सोडायची, पुन्हा वळायची. आयुष्यभर सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानावर केलेलं काम ते. पुढच्या भेटींत माझं लक्ष त्या बोटांवरच असायचं, कारण माणूस तोंडाने लोकांना पटेल ते बोलतो, खरं काय ते अंगावर दिसतं. नरकाचं बोलणं चाललं की बोटं चालू असायची. "सुखलोक" शब्द आला की थांबायची. पदर मुठीत आवळला जायचा.

एका भेटीत मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातला वधस्तंभावरचा चोर काढला. शेवटच्या घटकेला त्याने येशूला विनवलं आणि त्याच दिवशी सुखलोकात बरोबर असशील असं वचन त्याला मिळालं. मूठ घट्ट झाली. मी थांबले आणि विचारलं, "ताई, तुम्हाला भीती ते तिथे नसतील याची आहे, की असतील याची?"

बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "मी मेल्यावर परत त्यांच्याकडंच जायचं काय?"

इतक्या महिन्यांची झोप या एका वाक्यात अडकली होती. बाहेरून ती भक्तीतून आलेली काळजी दिसत होती. आत होता तो राग. विधवेला नवऱ्याबद्दल राग धरायची मुभा नसते, त्यात तो पश्चात्ताप करून गेलेला, म्हणून त्या रागाने भीतीचं रूप घेतलं होतं. शोकाच्या कामात मी हे वारंवार पाहिलं आहे आणि माझी त्यावर ठाम श्रद्धा आहे: राग बोलून झाल्याशिवाय क्षमेचा विषय काढू नये. घाईने करायला लावलेली क्षमा हा त्या बाईवर आणखी एक अन्याय असतो.

त्या दिवशी त्या मनमोकळं बोलल्या. पोरीच्या शाळेच्या फीचे पैसे, तुटलेला दात, थंडीत बाहेर काढलेली रात्र. मी मध्ये बोलले नाही.

मग शास्त्र उघडलं. आधी मत्तयाचा बाविसावा अध्याय. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेल्या बाईबद्दल सदूकी नावाच्या यहुदी पंथाचे लोक येशूला विचारतात की पुनरुत्थानात, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील तेव्हा, ती कोणाची बायको. येशू सांगतो, तिथे लग्न करत नाहीत आणि लग्न करूनही देत नाहीत. हा उतारा मी बाईंना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः वाचला, बोट ठेवून.

"म्हणजे मी त्यांची बायको नसणार?"

"नाही. तिथे तुम्ही देवाचं लेकरू."

त्या रडल्या, आणि मला स्पष्ट दिसलं की हे रडणं निराळं आहे.

पुढचा प्रश्न न्यायाचा होता, आणि तो त्यांनीच काढला. "मग त्यांनी केलं ते सगळं फुकटच गेलं की. एक प्रार्थना आणि झालं."

इथे आमच्या मंडळ्यांमधलं, म्हणजे चर्चमधलं, शिकवणं फार तोकडं पडतं असं मला वाटतं. आपण तारण, म्हणजे पापातून सुटका, एवढंच सांगतो, न्याय सांगत नाही. पण त्या चोराचीच गोष्ट नीट वाचा. तो येशूकडे वळण्याआधी दुसऱ्या चोराला सांगतो की आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे. स्वतःच्या कृत्याचं नाव घेतल्याशिवाय त्याने क्षमा मागितली नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हटलं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की आपल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहायचं आहे. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल सांगतो, प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जाईल. ज्याचं काम जळून जाईल त्याचं नुकसान होईल, तो स्वतः वाचेल, पण आगीतून बाहेर पडावा तसा. पौल हे मंडळी उभारणाऱ्यांच्या कामाबद्दल लिहितो, पण घरही माणूस बांधतच असतो, म्हणून मी ते घरालाही लावते. क्षमा झालेल्या माणसाचंही आयुष्य उघडं केलं जातं, देव ते झाकून टाकत नाही.

मत्तय पंचवीसमध्ये न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तसं लोकांना वेगळं करतो, ते भुकेल्याला अन्न दिलं का, अगदी लहानातल्या लहानाशी कसे वागलात, यावर. मी विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात लहान कोण होतं?"

"मी आणि पोरगी."

"मग त्या दिवशी राजा तुमच्या बाजूने बोलतोय."

असं त्यांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. नरकाच्या इशाऱ्यांनी आयुष्यभर त्यांनाच घाबरवलं होतं, आणि मार खाणाऱ्या बाईला घाबरवणं हा त्या वचनांचा सर्वांत वाईट वापर आहे. येशूचे कडक शब्द बहुतेक वेळा लहानांना अडखळवणाऱ्यांना आणि दारात पडलेला लाजर नावाचा भिकारी न दिसणाऱ्या श्रीमंताला उद्देशून आहेत.

मग तो नवरा आता कुठे आहे? यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. कॅथलिक शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, मानतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक म्हणतात की मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत निजलेला असतो आणि दुष्टांचा शेवटी नाश होतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या सार्वकालिक, म्हणजे कधी न संपणारी, शिक्षा शिकवतात, आणि मत्तय २५:४६ मध्ये सार्वकालिक जीवन व सार्वकालिक शिक्षा एकाच वाक्यात आहेत, हे मी कधी दडवत नाही. पण एखाद्या मेलेल्या माणसाचा निकाल सांगायचा अधिकार शास्त्राने पाळकालाही दिलेला नाही आणि मलाही नाही. अब्राहामाने देवाला विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तो प्रश्न मी त्या बाईंपुढे ठेवला आणि तिथेच थांबले. माणसाला उत्तरापेक्षा उत्तर देणारा भरवशाचा आहे का, हे कळायला हवं असतं, असा माझा अनुभव आहे.

वर्षाच्या स्मरण प्रार्थनेला दिरांनी योहान चौदा वाचायचं ठरवलं होतं. बाईंनी त्यांना सांगितलं की दहावं स्तोत्रही वाचायचं, ज्यात देव उपद्रव आणि दुःख पाहतो असं म्हटलं आहे. दीर नाराज झाले. वाचन झालं. नवऱ्याला माफ केलं का, असं त्यांना अजून लोक विचारतात. "देवाला सांगितलंय, तुम्ही बघा," असं त्या म्हणतात. मला ते पुरेसं वाटतं. झोप आता लागते.

हे वाचणाऱ्या कुणाचा नवरा जिवंत असेल आणि मार चालू असेल, तर त्यांनी नरक-स्वर्गाचा विचार बाजूला ठेवून आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. जीवाला धोका वाटला तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि त्याखाली राहत्या घरातून बाहेर काढण्याविरुद्ध संरक्षणही मिळतं. पाळकसाहेब "सहन कर, वधस्तंभ वाहा" म्हणाले तरी फोन करा.